मेकॅनिक निघाला आहे

३ मार्च, रविवार. सकाळी ९.४०

आजपासून पळणार. म्हणजे आज निर्णय, प्रत्यक्ष पळणं उद्यापासून. निर्णय आणि अंमलबजावणी एकाच दिवशी उरकली की दोन्हीची किंमत राहत नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको. काल जेवताना लेकीने एक कागद पुढे सरकवला. जोडी दौड. आई किंवा वडील यांपैकी एक, आणि त्यांचं एक अपत्य. दहा किलोमीटर. २८ एप्रिल. शेवटची रेघ दोघांनी एकत्र ओलांडायची, एक मागे राहिला तर दोघंही बाद. ४ मे रोजी ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार, चार वर्षांसाठी. म्हणाली, जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर पळ बाबा, बाकी काही नको.

मी म्हणालो, निघालोच समज.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. भरून आलं असावं.

हिने विचारलं, अहो, पण झेपणार का? मी म्हणालो, शरीर पळत नसतं, मन पळत असतं. ही म्हणाली, मग मनाला म्हणावं जाताना कचऱ्याची पिशवी खाली ने.

४ मार्च, सोमवार

५.३० गजर.
५.३१ गजर बंद. पण झोपलो नाही, विचार करत पडलो.
८.१० विचार संपले.

५ मार्च, मंगळवार. ऑफिसातून

प्रेरणा दोन प्रकारची. बाहेरची आणि आतली. बाहेरची म्हणजे गजर, लेक, बायको. आतली म्हणजे स्वतःची. बाहेरच्या प्रेरणेवर पळणारा माणूस दोन दिवसांत थांबतो. म्हणून मी आतलीची वाट बघतोय.

आज लंचच्या वेळी हेच सुचत होतं आणि फोन वाजला. दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकलेल्या. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि सांभाळते. मी तक्रार कक्षात. चोवीस वर्षं झाली. तळघरातली खोली, खिडकी नाही, तीन फोन, एक पंखा जो फक्त फाइलींना वारा घालतो. समोरच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद. त्यावर तीन वाक्यं. ती मीच लिहिलेली, अकरा वर्षांपूर्वी. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

"तुमची तक्रार नोंदवली आहे. मेकॅनिक निघाला आहे. फोन ठेवू नका."

दोनशे दहा लिफ्ट आणि तीन मेकॅनिक. त्यामुळे मेकॅनिक निघालेला कधीच नसतो. आज तर तो डबा खात होता, इथेच, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. पण याला खोटं म्हणत नाहीत. अडकलेल्या माणसाला मेकॅनिक लागत नाही, तो निघालाय एवढं लागतं. बाईंना पन्नास मिनिटं बोलत ठेवलं. शेवटी त्या मला दाताचं दुखणं सांगत होत्या.

आणि मग लक्षात आलं, पळण्याचं सगळं तत्त्वज्ञान माझ्या भिंतीवर अकरा वर्षं टांगलेलं आहे. पोहोचण्यापेक्षा निघणं महत्त्वाचं. रात्रीची भर: घरी येऊन तेवढंच एका कार्डावर लिहिलं आणि फ्रिजला लावलं. झोपताना बघितलं तर खाली हिच्या अक्षरात: अंडी, साबण, बल्ब.

९ मार्च, शनिवार. सकाळी ७.२०

पहिली धाव. तळ्याभोवतीच्या रस्त्यावर.

पहिला किलोमीटर नेहमी खोटं बोलतो, असं मी वाचलंय. तो म्हणतो तुला जमणार नाही, पण त्याचं ऐकायचं नसतं. माझा पहिला किलोमीटर अजून काहीच बोललेला नाही, कारण तो पूर्ण झाला नाही. दुसऱ्या बाकापर्यंत गेलो. बाक चांगला आहे, पाठ टेकता येते.

लेक जागच्या जागी पळत उभी होती. म्हणाली, दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल, असं करत जाऊ. मी तिला समजावलं, ही तडजोड झाली. पळणाऱ्याने पळावं, चालणाऱ्याने चालावं. ती म्हणाली, आणि बसणाऱ्याने? तिच्या वयात मीही असाच उलट बोलायचो.

घरी चौथ्या मजल्यावर ती जिन्याने गेली, मी लिफ्टने. मी आधी पोहोचलो, याची नोंद असावी.

११ मार्च, सोमवार

आमच्याच इमारतीतून तक्रार. तिसऱ्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांची. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट हिसका देते म्हणे. नेमकं साडेसात वेळांपैकी दोनदा, असं काहीतरी गणित घालून लिहिलंय. माणूस नकारात्मक आहे. निवृत्तीनंतर काही लोकांना सगळ्यातच हिसके जाणवतात.

घरच्या लिफ्टसाठी मेकॅनिक बोलावणं म्हणजे पदाचा गैरवापर. शिवाय मी रोज तीच वापरतो, म्हणजे रोज पाहणी होतेच. शेरा मारला: पाहणी केली. ठीक आहे. तक्रार बंद.

गजराचं काय झालं ते लिहीत नाही.

१७ मार्च, रविवार

आठवड्याचा हिशोब. पळण्याविषयी वाचन आणि व्हिडिओ: अकरा तास. पळणं: नऊ मिनिटं. पाया भक्कम होतोय.

एका व्हिडिओतला माणूस सांगत होता, मन जेव्हा थांब म्हणतं तेव्हा शरीरात निम्मी ताकद शिल्लक असते. मला हे पटलं. माझ्यात कायमच पुष्कळ शिल्लक असते. प्रश्न फक्त ती वापरायला काढण्याचा आहे, आणि मला लहानपणापासून शिल्लक मोडायला जिवावर येतं.

उजवा गुडघा बोलतोय. बुटांचा दोष असावा. नाचता येईना अंगण वाकडं असं ही म्हणाली, पण तिने ते बूट घालून बघितलेले नाहीत.

हिच्याबद्दल थोडी काळजी वाटते. हल्ली दूध आणायला पावणेसहाला बाहेर पडते आणि सात वाजता येते. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. दुधाचं दुकान चौकात, म्हणजे हाकेच्या अंतरावर. एवढ्याशा चालण्याने ही अवस्था. मी तिला प्रेमाने सांगितलं, स्टॅमिना वाढव, या वयात शरीराला गृहीत धरून चालत नाही. ती हो म्हणाली आणि गटागटा तांब्याभर पाणी प्यायली.

२२ मार्च, शुक्रवार

ऑफिसात माझ्या पळण्याचा बोलबाला झालाय. (मी कोणालाच सांगितलं नव्हतं, फक्त तिन्ही मजल्यांवर उल्लेख केला होता.) साहेबांनी मीटिंगमध्ये सातत्य या विषयावर पाच मिनिटं बोलायला लावलं. पंचवीस मिनिटं बोललो. टाळ्या.

नंतर रात्रपाळीच्या मॅडम भेटल्या. या मॅडमना मीच तयार केलंय. अत्यंत प्रामाणिक बाई, कागदावरची तीन वाक्यं सोडून चौथं बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, रोज किती किलोमीटर होतात? मी म्हणालो, आकड्यांच्या मागे लागलं की पळण्यातला आनंद जातो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

२६ मार्च, मंगळवार

लेक रोज पावणेसहाला खाली गेटपाशी उभी राहते. मी वरून फोनवर सांगतो, निघालोच. सहा पाचला ती जाते. परत आली की काही बोलत नाही, हेच मला आवडत नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला सांभाळायचं कसं ते मला येतं, पोट भरतोय त्यावर.

ती सहावीत असताना शाळेच्या क्रीडा दिनाला चारशे मीटर पळणार होती. सकाळीच सरकारी इमारतीत लिफ्ट अडकली, आत सात माणसं. मी तिला शाळेच्या फोनवर सांगितलं, निघालोच. पोहोचलो तेव्हा शिपाई चुन्याच्या रेघांवर पाणी मारत होता. मी खुर्च्या गोळा करायला मदत केली, रिकाम्या हाताने परत नाही आलो. ती दुसरी आली होती. ते मला तिच्या बाईंनी सांगितलं.

हे आज का आठवलं कोण जाणे.

३१ मार्च, रविवार. सकाळी ८.१५

तीन किलोमीटर. खरोखरचे. तीन.

काल झोपच लागली नाही, म्हणून गजराच्या आधीच उठून बसलो होतो. दोन मिनिटं पळालो, एक मिनिट चाललो, तिने सांगितलं तसं. तडजोड तर तडजोड. दुसरा बाक मागे गेला. कारंजं मागे गेलं. ती शेजारी पळत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझा आसपासच्या तीन इमारतींना ऐकू गेला असेल.

फार बरं वाटलं. इतकं की लिहिताना लाज वाटतेय. अठरा वर्षांची झाली आणि मी पहिल्यांदा बघितलं की पळताना ती डावा खांदा किंचित उचलते. माझी आई चालताना उचलायची तसा.

घरी आल्यावर तिने स्वतः पाणी प्यायच्या आधी मला पाणी दिलं.

ठरवलं: शरीराला हा धक्का पचवायला वेळ द्यायचा. आठ दिवस पूर्ण विश्रांती.

६ एप्रिल, शनिवार

विश्रांती. उत्तम चालू आहे.

१० एप्रिल, बुधवार

विश्रांती वाढवली. घाईने केलेली विश्रांती अंगाला लागत नाही.

बुटांच्या रॅकवर लेकीचे जुने बूट चिखलाने माखलेले. नवे बूट असताना जुने कशाला घालते, कळत नाही. तिला बोललो. ती हिच्याकडे बघायला लागली. आईच्या मागे लपायची सवय अजून गेली नाही.

ही हल्ली नऊलाच गाढ झोपते. आणि जेवते बघण्यासारखं. डॉक्टरांना दाखवून घे म्हणालो.

१४ एप्रिल, रविवार

लेक सहा किलोमीटर म्हणाली होती. दोन झाले. वर शंभर मीटर, ते मी बाक शोधायला चाललो ते.

आज बाकावर बसून तिला सरळ विचारलं, एवढी प्रेरणा तू आणतेस कुठून? ती म्हणाली, बहुतेक दिवशी नसतेच. बूट घालते. लेस बांधून होईपर्यंत मग नाही जायचं हे सांगायचा कंटाळा येतो. मी म्हणालो, यात तत्त्वज्ञान काहीच नाही. ती म्हणाली, नाहीच आहे.

ती पुढची फेरी मारायला गेली आणि मी बसून राहिलो. पळताना माझ्या मनात एकच विचार येतो, थांबावं. थांबलो की दुसरा येतो, ही जाणार आता. अडचण एवढीच आहे की हे दोन विचार एकत्र कधी येत नाहीत. आले असते तर मी दहा काय, वीस पळालो असतो.

थकवा पायांत नाहीये. पायांनी बिचाऱ्यांनी अजून काही केलेलंच नाही. चोवीस वर्षं लोकांना धीर देऊन देऊन मी दमलोय, आणि स्वतःला द्यायची वेळ आली की तोंडातून तीच तीन वाक्यं येतात.

येताना लिफ्टने खरंच हिसका दिला. हलकासा. लेक जिन्याने माझ्या आधी पोहोचली होती आणि दार उघडून उभी होती. संध्याकाळी मास्तरांची दुसरी तक्रार, या वेळी आकृती काढून. पालथ्या घड्यावर पाणी. शेरा: पाहणी केली. ठीक आहे. बंद.

२० एप्रिल, शनिवार

पाऊण किलोमीटर. गुडघा. पण मनाने मी आता पूर्णपणे धावपटू झालो आहे, हे कालच्या मीटिंगमध्ये पुन्हा जाणवलं.

२४ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७.००

शर्यतीसाठी पायाची नखं कापत बसलो होतो. तपशील बारीक असतात, पण तिथेच लोक मार खातात. लेक मोबाइल घेऊन समोर येऊन बसली. म्हणाली, फॉर्मवरचं नाव बदलायचं असेल तर आज शेवटची तारीख आहे. बदलायचं आहे असं नाही, फक्त विचारतेय. खरं सांग बाबा, नक्की ना?

मी मान वर न करता म्हणालो, अगं, निघालोच समज.

ती बरं म्हणाली.  मग उठून हिच्याकडे आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. माझ्यासाठी सरप्राइज असणार. मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार

उद्या.

तयारी पूर्ण. दोन केळी, बुटांत पावडर, कमरेच्या पाऊचमध्ये ही वही आणि पेन. वाटेत विचार सुचतात, ते जागच्या जागी टिपलेले बरे.

धोरण: ताकद वाचवणे. पहिले सात किलोमीटर मन पळेल, शेवटचे तीन लेक ओढेल. घरातल्या घरातही आज उगाच हिंडलो नाही, पाणी जागेवर मागवलं. हिने आणून दिलं आणि म्हणाली, अहो, उद्या जमेल तेवढंच करा, जिवाचं काही करून घेऊ नका. तिचा आवाज फारच मऊ होता, शर्यतीचं टेन्शन माझ्यापेक्षा तिलाच जास्त आलेलं दिसतंय.

२८ एप्रिल, रविवार

५.१२ निघतोय. ही पण येतेय, पिशवी घेऊन. ट्रॅकपँट घातलीय, बरी दिसते. दोघी जिन्याने उतरल्या. मी लिफ्टने. चार मजले म्हणजे अठ्ठ्याहत्तर पायऱ्या, शर्यतीआधी गुडघ्यांना ही उधळपट्टी परवडणार नाही.

५.१४ हिसका. लिफ्ट थांबली. तिसरा आणि दुसरा यांच्या मध्ये.

५.१५ घंटा दाबली. वाजली.

५.१७ ऑफिसला फोन. रात्रपाळीच्या मॅडम. तुमची तक्रार नोंदवली आहे, मेकॅनिक निघाला आहे, फोन ठेवू नका. उच्चार स्पष्ट, आवाज खालच्या पट्टीत, प्रत्येक वाक्यानंतर छोटासा श्वास. सगळं मी शिकवलं तसं.

५.१८ मी म्हणालो, मॅडम, मी बोलतोय. त्या म्हणाल्या, हो सर, आवाज ओळखला. तुमची तक्रार नोंदवली आहे. मेकॅनिक निघाला आहे.

५.२२ मी म्हणालो, मॅडम, मला तरी खरं सांगा, तो कुठे आहे? त्या अवघडल्या. म्हणाल्या, सर, वेळ आणि जागा ग्राहकाला सांगायची नाही, असं तुम्हीच खाली बारीक अक्षरात लिहिलंय.

५.२६ दाराबाहेर लेक. दुसऱ्या मजल्यावरून वर तोंड करून बोलत होती. आत हवा आहे ना, घाबरला नाहीस ना? मी म्हणालो, मजेत आहे. ती म्हणाली, साडेसहाला सुरुवात आहे. मी म्हणालो, माझ्यासाठी थांबू नकोस, आईला घेऊन जा, तिला थोडं चालव, थोडं पळव, नशिबात असेल ते होईल. आवाज जरा कापरा काढला.  मग ती म्हणाली, बरं बाबा, फोन चालू ठेव. दोघींची पावलं जिन्याने खाली गेली. पावलं एका लयीत होती.

५.४० हे कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. लिफ्ट थांबली त्या क्षणी मला भीती वाटली नाही, चीडही आली नाही. हायसं वाटलं. सुट्टी जाहीर झाल्यावर वाटतं तसं. तिच्याबरोबर पळायचं होतं, त्याच्यासाठी आठ आठवडे होते, आणि ती संधी गेली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. असा मी बाप.

६.३० सुरू झाली असेल. खाली बसलो. एक केळं खाल्लं.

६.५० मास्तर पेपर घ्यायला उतरले. बाहेरून म्हणाले, कोण आहे आत? मी गप्प. मग स्वतःशीच म्हणाले, दोनदा लिहून कळवलं, दोनदा उत्तर आलं, पाहणी केली, ठीक आहे. ज्या गाढवाने पाहणी केली त्याला आत कोंडायला पाहिजे. मी आवाज बदलून म्हणालो, अगदी बरोबर. ते खूश होऊन गेले.

७.१० दुसरं केळं.

८.०५ मेकॅनिक आला. निघाला कधी ते मी विचारलं आणि त्याने सांगितलं, साडेसातला. दाराच्या कुलपातला एक तुकडा झिजला होता. म्हणाला, मार्चमध्ये पाठवलं असतं साहेब, तर दहा मिनिटांचं काम होतं.

१०.४० दोघी आल्या. गळ्यात पदकं. दोघींच्या. दहा किलोमीटर, एक तास एकोणीस मिनिटं. हिच्या पायात लेकीचे जुने बूट.

मी म्हणालो, वा, आयत्या वेळी नाव बदलू दिलं म्हणजे, चांगली सोय आहे.  ही अंघोळीला गेली. तिने छातीवरचा नंबर काढून टेबलावर ठेवला होता. कापडी नंबर, खाली दोघींची नावं. छापलेली.

मी नंबर उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. लेक समोर बसली. म्हणाली, चोवीस तारखेलाच बदललं बाबा. आई मार्चपासून पळतेय माझ्याबरोबर. आधी मला एकटीला कंटाळा येतो म्हणून यायची, मग तिला जमायला लागलं.

मी विचारलं, पण मी तर हो म्हणालो होतो. ती म्हणाली, हो कुठे म्हणालास, निघालोच म्हणालास. लहानपणापासून तुला फोनवर ते वाक्य बोलताना ऐकलंय मी. ते तू कधी म्हणतोस मला माहीत आहे.

मग मला आज उठवलं कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, नंबर नसला तरी कडेने पळता येतं. पहिला किलोमीटर तू आमच्याबरोबर असशील असं धरलं होतं मी. पुढे बाक आहे एक, तिथे तू पिशवी सांभाळायचीस.

ती रागावलेली नव्हती. मी नीट बघितलं, अजिबात नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

३० एप्रिल, मंगळवार

मास्तरांच्या दोन्ही तक्रारी पुन्हा उघडल्या. शेरा बदलला: पाहणी केली नव्हती. साहेबांनी खुलासा मागितलाय. चोवीस वर्षांत हा माझा पहिला खरा शेरा, आणि खुलासा त्याचाच मागितला.

४ मे, शनिवार. सकाळी

लेक गेली.

लिफ्ट आता लोण्यासारखी चालते. तरी तिची मोठी बॅग मी जिन्याने उतरवली. दोघी नको नको म्हणत होत्या. काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं, चारच वाक्यं, माफी त्यात होती. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या उतरून गाडीपाशी पोहोचलो तर तोंडातून नुसती हवा. बोटाने खूण केली, थांब एक मिनिट. ती म्हणाली, सावकाश, आधी श्वास घे. श्वास घेईपर्यंत ड्रायव्हरने डिकी लावली. ती माझ्या गळ्यात पडली आणि मग गेली.

वर येऊन तिच्या खोलीत बसलो. भिंतीवर खिळा आहे, पदक तिने नेलं.

९ मे, गुरुवार. संध्याकाळी ६.४०

लेकीचा फोन. जेवण बरं आहे, खोलीतली मुलगी घोरते. मग विचारलं, आज पळालास का?

मी म्हणालो, अगं, निघालोच होतो.

 मग आवाज खालच्या पट्टीत नेऊन, हुबेहूब माझ्यासारखं, ती म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे. छोटासा श्वास. फोन ठेवू नका.

मी हसलो. हसता हसता कळलं की मधलं वाक्य तिने गाळलंय. विचारलं नाही. मी फोन कानाला धरून बसलो, ती तिकडे काहीतरी आवरत होती, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, आता ठेवते बाबा, पळायला जायचंय.

मी पण बूट घातले. लेस बांधली, दोन्ही पायांची. सोफ्यावर बसलो. ही तिच्या नव्या बुटांत बाहेर पडत होती, म्हणाली, येताय का? मी म्हणालो, तू हो पुढे. तिने क्षणभर वाट बघितली. मग म्हणाली, बरं, बूट घातलेच आहेत तर कचऱ्याची पिशवी तेवढी खाली न्या.

नेली. जिन्याने. वर यायला लिफ्टचं बटण दाबलं आणि उभा राहिलो.